ओढा कागदावर आणा: शहरातील ओढे आणि तलाव वाचवण्यासाठी पर्यावरण परवानगीची प्रक्रिया कशी वापरावी

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या बांधकाम प्रकल्पाची फाइल पाहण्यासाठी मी माहिती अधिकारात वेळ घेऊन गेले होते. अर्जातील एका रकान्यात प्रश्न होता की, या प्रकल्पामुळे एखाद्या प्रवाहावर बांध घालणे, तो मोरीतून नेणे किंवा त्याचा मार्ग बदलणे असे काही होणार आहे काय. उत्तर होते ‘नाही’. त्याच फाइलच्या शेवटी घडी घालून ठेवलेला मांडणी नकाशा उलगडला, तेव्हा भूखंडाच्या पूर्वेकडून पट्टीने आखलेल्या दोन समांतर रेषा खाली उतरताना दिसल्या आणि त्यांवर ‘पावसाळी वाहिनी’ असे लिहिलेले होते. गावनकाशात त्याच जागी ओढा होता आणि तो दोनदा वळत होता. जागेवर तोवर एक पाटीही माती पडलेली नव्हती, पण कागदावरून ओढा केव्हाच नाहीसा झाला होता.

पुढे जे लिहिले आहे ते या अनुभवातून आले आहे. ओढ्यात जेसीबी उतरल्यावर लोक जमतात, निवेदन देतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. परंतु तोपर्यंत निविदा निघालेली असते, कार्यारंभ आदेश दिलेला असतो आणि काम थांबवायला न्यायालयाशिवाय दुसरा मार्ग उरलेला नसतो. त्याच्या कितीतरी आधी, परवानगीच्या टप्प्यावर, नागरिकांना बोलायला जागा असते. ती जागा अरुंद आहे आणि तिच्या मुदती कडक आहेत, म्हणून ती नेमकी कोठे आहे हे आधी माहीत करून घ्यावे लागते.

कोणत्या दाराने जायचे

सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकारच्या आणि आकाराच्या प्रकल्पांना काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. इमारत आणि बांधकाम प्रकल्पांसाठी ही मर्यादा 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून सुरू होते, आणि 1,50,000 चौरस मीटर किंवा 50 हेक्टरांपासून पुढचे प्रकल्प नगरवसाहत व क्षेत्रविकास या वर्गात मोडतात. अशा प्रकल्पांची छाननी सर्वसाधारणपणे राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समिती करते आणि मंजुरी राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण देते. अर्ज, नकाशे, बैठकांच्या विषयपत्रिका आणि इतिवृत्ते केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर पाहता येतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ लोक तिच्यावर विसंबून फसतात. बांधकाम आणि नगरवसाहतींच्या प्रकल्पांना या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले आहे. तुमच्या ओढ्याकाठी पाच टॉवर उभे राहणार असले, तरी त्यासाठी मांडव घालून कोणी तुम्हाला बोलावणार नाही. समितीच्या विषयपत्रिकेत प्रकल्पाचे नाव दिसताच स्वतःहून लेखी आक्षेप पाठवणे, एवढाच मार्ग तेथे उरतो. म्हणून आपल्या नागरिक मंडळातील एकाने तरी दर आठवड्याला विषयपत्रिका पाहण्याचे काम अंगावर घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण बाकी सगळे त्यावरच अवलंबून आहे.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ओढ्याचे काँक्रिटीकरण, तलावाचे सुशोभीकरण, नाल्यालगतची संरक्षक भिंत, काठाने जाणारा पदपथ, महापालिकेचा अंतर्गत रस्ता अशी कामे बहुतेक वेळा या अधिसूचनेच्या कक्षेतच येत नाहीत आणि शहरातील पाण्याचे नुकसान तर याच कामांनी अधिक होते. अशा वेळी ‘या कामाला पर्यावरण मंजुरी आहे का’ या प्रश्नाला ‘आवश्यक नाही’ असे उत्तर मिळते आणि कार्यकर्ते हताश होऊन परततात. परत फिरू नये. तलाव असेल तर पाणथळ जागांचे 2017 चे नियम लागू होतात का, हे पाहावे. खाडी किंवा कांदळवन असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राची 2019 ची अधिसूचना आणि मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2018 चा निकाल हाताशी ठेवावा. त्या निकालाने कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टा राखून ठेवला आहे. नदी असेल तर जलसंपदा विभागाची पूररेषा पाहावी. आणि विकास आराखड्यातील आरक्षण बदलून काम होणार असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली हरकती मागवल्या जातात, त्यासाठी एक महिन्याची मुदत असते आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाते.

पवईचे उदाहरण या दृष्टीने नीट समजून घेण्यासारखे आहे. पवई तलावाच्या काठाने सायकल मार्ग करण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले, तेव्हा ते लोकोपयोगी आहे, पाणी झिरपू देणाऱ्या गॅबियन पद्धतीने (जाळीत भरलेल्या दगडांनी) होत आहे, असे सांगितले जात होते. हा तलाव नैसर्गिक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी बंधारा घालून तो तयार केला. मगरींचे वास्तव्य मात्र तेथे आजही आहे. 6 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम पाणथळ जागांच्या नियमांचा भंग करणारे ठरवून बेकायदा घोषित केले, पुढचे काम थांबवले आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये देशाच्या पाणथळ सूचीतील 2.25 हेक्टरांपेक्षा मोठ्या 2,01,503 जागांना संरक्षण देण्यास सांगितले होते, त्याचा येथे मोठा आधार झाला. आपल्याकडच्या शहरी तलावांपैकी कितीतरी मानवनिर्मित आहेत आणि ‘हा तर बांधलेला तलाव, याला नियम लागू नाहीत’ हे वाक्य कार्यालयात हमखास ऐकायला मिळते. 2017 च्या नियमांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत हे खरेच आहे. म्हणून आपला तलाव त्या राष्ट्रीय सूचीत आहे का, हे सर्वांत आधी तपासावे आणि असेल तर त्या पानाची प्रत जवळ ठेवावी.

पुरावा पावसाळ्यातच गोळा करावा लागतो

आघात मूल्यांकनाच्या अहवालात परिसराच्या सद्यस्थितीची जी माहिती असते, ती बहुधा पावसाळा वगळून एका ऋतूत घेतलेली असते. हवेच्या प्रदूषणासाठी ते चालून जाते. ओढ्यासाठी चालत नाही. ज्या ओढ्यातून मार्चमध्ये फक्त मैलापाणी वाहते, त्याचे खरे पात्र सप्टेंबरमधल्या एका रात्रीत दिसते. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत हाहाकार केला. त्या रात्री शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. त्या ओढ्याची रुंदी कागदावर किती आहे, हा प्रश्न त्या रात्रीनंतर पुण्यात कोणालाही तांत्रिक वाटला नाही.

तेव्हा तुमच्या ओढ्याची नोंद तुम्हीच ठेवायला हवी. एका जागी, शक्यतो मोरीच्या भिंतीवर, तळापासून दर अर्ध्या मीटरला रंगाची खूण करावी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाणी कोठवर चढले होते त्याचा टेप धरून फोटो घ्यावा. फोटोत तारीख, वेळ आणि ओळखता येईल अशी एखादी स्थिर गोष्ट यावी: विजेचा खांब, देवळाचा कट्टा, दुकानाची पायरी. काठावरच्या जुन्या रहिवाशांकडून पूर्वीच्या पुरांच्या पातळ्या विचारून घ्याव्यात आणि त्यांची सही घेऊन निवेदन करून ठेवावे. पाणी ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनीही एखाद्या ठिकाणी स्वच्छ पाणी झिरपत असेल, तर तो झरा आहे. त्याचीही नोंद करावी. दख्खनच्या बेसाल्टमध्ये भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून असे झरे ओढ्याच्या तळाशी आणि काठाला फुटतात, आणि तळाला काँक्रीट घातले की पहिला बळी त्यांचा जातो.

याच्या जोडीला जुने नकाशे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित प्रत मिळते आणि तिच्यात ओढा दोन रेषांनी दाखवलेला असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर प्रवाहांच्या रेषा दिसतात. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रह चित्रे पाहता येतात, त्यांतून भराव कोणत्या वर्षी पडला हे कळते. हे तिन्ही एकावर एक ठेवले की ओढा कोठे होता, कोठे वळवला आणि कोठे अरुंद केला, याचा वाद राहत नाही.

मोरीचे गणित स्वतः करून पाहावे

अभियंत्यांच्या भाषेला घाबरून लोक गणितापाशी थांबतात. हे गणित सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. समजा, तुमच्या ओढ्याला एक चौरस किलोमीटर भागाचे पाणी येते. म्हणजे दहा लाख चौरस मीटर. तासाला 60 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या भागावर तासात 60,000 घनमीटर पाणी पडले. इमारती, रस्ते, पार्किंग यांमुळे त्यातले 70 टक्के जमिनीत न मुरता वाहून आले असे धरले, तर 42,000 घनमीटर. तासाचे 3,600 सेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेअकरा घनमीटर पाणी त्या मोरीपाशी येणार. आता प्रस्तावित मोरी 2 मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असेल, तर तिचे तोंड 3 चौरस मीटरचे झाले. पाणी सेकंदाला 3 मीटर वेगाने वाहिले तरी तिच्यातून 9 घनमीटरच जाईल, आणि तेही तोंडाशी कचरा अडकला नाही तर. उरलेले पाणी वस्तीत शिरणार.

हे ढोबळ गणित आहे आणि आक्षेपात तसे प्रामाणिकपणे लिहावे. त्याचा उपयोग अभियंत्याला खोटे पाडण्यासाठी नाही. पाणलोटाचे क्षेत्र किती धरले, पावसाची तीव्रता किती धरली आणि किती पाणी मुरेल असे मानले, हे तीन आकडे मागण्यासाठी आहे. जुलै 2005 मध्ये सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर मुंबईने पावसाळी वाहिन्यांची क्षमता ताशी 25 मिलिमीटरवरून 50 मिलिमीटरवर नेण्याचे ठरवले. तुमच्या शहराने कोणता आकडा धरला आहे, हा प्रश्न लेखी विचारला की उत्तर द्यावेच लागते.

तलावाच्या बाबतीत काठापेक्षा सांडव्याकडे, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडते त्या जागेकडे, आधी पाहावे. नागपुरात 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतर सांडव्यासमोरच्या बांधकामांचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. सांडव्यातून सुटलेले पाणी कोठून जाणार आहे आणि त्या वाटेवर काय उभे आहे किंवा उभे राहणार आहे, हे दाखवणारा नकाशा प्रत्येक तलावाच्या आक्षेपासोबत असलाच पाहिजे.

आक्षेप कसा लिहावा

‘पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे, तरी हा प्रकल्प रद्द करावा’ अशा निवेदनावर दोनशे सह्या असल्या, तरी समितीच्या इतिवृत्तात त्याची एक ओळही येत नाही. पान, नकाशा, मोजमाप आणि मागणी या चार गोष्टी असलेला एक परिच्छेद मात्र दुर्लक्षिता येत नाही. तो साधारण असा असावा:

“अर्जाच्या अमुक पानावर प्रवाहाविषयीच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले आहे. त्याच अर्जासोबतच्या मांडणी नकाशात पूर्व हद्दीलगत ‘पावसाळी वाहिनी’ दाखवली आहे. भूमी अभिलेख विभागाच्या गावनकाशात त्या जागी ओढा आहे. प्रमाणित प्रत जोडपत्र 1 म्हणून सोबत आहे. अमुक तारखेच्या पावसानंतर तेथील पाण्याची खूण तळापासून 1.9 मीटर उंचीवर होती. टेपसह छायाचित्र जोडपत्र 2 मध्ये आहे. प्रस्तावित मोरीची आतील उंची 1.5 मीटर आहे. म्हणून समितीने ओढ्याची संयुक्त मोजणी करून घ्यावी, पाणलोटाचे गणित मागवावे, जागेची पाहणी करावी आणि तोपर्यंत निर्णय राखून ठेवावा.”

असे पाच परिच्छेद पुरेत. अर्जात जाणीवपूर्वक माहिती दडवली किंवा चुकीची दिली, तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही काढून घेता येते, अशी तरतूद अधिसूचनेच्या परिच्छेद 8 मध्ये आहे. तिचा उल्लेख आवर्जून करावा. मात्र कोणावर लबाडीचा आरोप करू नये. विसंगती दाखवावी आणि तिचा खुलासा मागावा. आक्षेप ई-मेलने पाठवला तरी एक प्रत कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि पोचेवर आवक क्रमांक व तारीख आहे ना, हे तेथेच उभे राहून पाहावे. पुढे राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, गेल्यावर ही एक चिठ्ठी फार कामाला येते.

मागणी नियमात लिहिलेल्या गोष्टीवर उभी असावी. बंगळूरच्या तलावांसाठी हरित लवादाने 2016 मध्ये 75 मीटरचा मोकळा पट्टा ठरवून दिला होता आणि देशभरातले कार्यकर्ते तो आकडा आपापल्या शहरात मागू लागले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये तो आदेश रद्द केला, कारण तो तेथील नगररचना आराखड्यातील तरतुदींना ओलांडून गेला होता. याउलट पुण्यात विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या पात्रात भराव घालून होत असलेल्या रस्त्याची आखणी बदलायला लवादाने 2013 मध्ये सांगितले, ते निळ्या पूररेषेच्या आधारावर. महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आतला भाग निषिद्ध आणि दोन रेषांमधला नियंत्रित. मात्र अनेक लहान ओढ्यांची पूररेषा आखलेलीच नसते, आणि ती आखून घेण्याची मागणी हा आपल्या कामाचा एक मोठा भाग आहे.

जनसुनावणी असेल तर

घनकचरा प्रकल्प, महामार्ग, मोठा जलप्रकल्प अशांना जनसुनावणी असते. तिची नोटीस किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात यावी लागते, आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व महापालिकेत पाहायला ठेवावा लागतो. सारांशावर थांबू नये. पूर्ण अहवालातील जलविज्ञानाचे प्रकरण आणि नकाशे मागून घ्यावेत. सुनावणीत प्रत्येकाने एकच मुद्दा घ्यावा, तो तीन मिनिटांत मांडावा आणि त्याचीच लेखी प्रत टेबलावर द्यावी. ओढ्याकाठी राहणाऱ्या बाईने आपल्या घरात पाणी कोठवर आले होते ते सांगितले, तर त्याचे वजन कोणत्याही तज्ज्ञाच्या भाषणाहून कमी नसते. तिला बोलायला पुढे बसवावे. सभेच्या शेवटी कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. लोक तोवर उठून गेलेले असतात. आपल्यापैकी चार जणांनी तरी शेवटपर्यंत थांबावे आणि आपला मुद्दा वाचला गेला नाही, तर तो तेथेच नोंदवून घ्यावा.

मंजुरी मिळाली तरी

मंजुरी दिली गेली, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे त्याच्या अधिनियमाच्या कलम 16 खाली 30 दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. मंजुरी मिळाल्याची जाहिरात प्रकल्पकर्त्याला वर्तमानपत्रात द्यावी लागते. ती दिसताच कात्रण कापून त्यावर तारीख लिहून ठेवावी. मंजुरीची गरज नसलेल्या कामांत नियमभंग झाला असेल, तर कलम 14 खाली सहा महिन्यांत अर्ज करता येतो. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे, आणि भरपाईची मागणी नसलेल्या अर्जाचे शुल्क 1,000 रुपये आहे, त्यामुळे लहान मंडळालाही हे अशक्य नाही.

मंजुरीपत्रातील अटी वाचून त्यांपैकी पाण्याशी संबंधित असलेल्या वेगळ्या काढाव्यात. ओढ्याचे पात्र अबाधित ठेवणे, राडारोडा पात्रात न टाकणे, सांडपाणी प्रक्रियेशिवाय न सोडणे अशा अटी बऱ्याचदा असतात. त्यांच्या पूर्ततेचा अहवाल प्रकल्पकर्त्याने दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यायचा असतो. जूनचा अहवाल मिळवावा आणि पहिला मोठा पाऊस पडल्यावर तो हातात घेऊन ओढ्याच्या काठाने चालत जावे. अहवालात ‘पूर्तता केली’ असे लिहिलेल्या प्रत्येक अटीसमोर त्या दिवशी जे दिसले ते लिहावे, फोटो जोडावा, आणि तो कागद प्रदूषण नियंत्रण मंडळ, प्राधिकरण व महापालिका या तिन्ही ठिकाणी पोच घेऊन द्यावा. डिसेंबरमध्ये पुन्हा तेच करावे.